बेटाची धनीण

लग्नात नवऱ्याकडून बायकोला काय मिळावं? दागिना, शालू, फार झालं तर एखाद्या गावाचं उत्पन्न. मलाय मुलखातल्या एका राणीला मेहरात आख्खं बेट मिळालं. त्या बेटाचं नाव पेन्येंगात. आजच्या इंडोनेशियातल्या रिआऊ द्वीपसमूहात, तांजुंगपिनांग शहराच्या अगदी समोर ते आहे. लांबी साधारण दोन किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरही नाही. १८०३च्या सुमारास जोहोर-रिआऊ-लिंग्गाचा सुलतान महमूद शाह तिसरा याने ते एंकू पुतेरी हमीदा या आपल्या राणीला दिलं. जंगल तोडून तिथे तिच्यासाठी महाल बांधला, कोट घातला, मशीद उभारली. तेव्हापासून त्या बेटावर राहणारा प्रत्येक माणूस, मग तो कितीही मोठ्या पदावरचा असो, एका बाईच्या जागेत राहत होता.

सिंगापूरचा इतिहास वाचताना मला हमीदा प्रथम भेटली ती एका ओळीत. ‘राजचिन्हं तिच्या ताब्यात होती आणि तिने ती दिली नाहीत’, एवढंच. पुढच्या परिच्छेदात पुन्हा रॅफल्स, तह, वखार, बंदर. पण त्या एका ओळीने मला तिथून हलू दिलं नाही. न देणारी ही बाई कोण होती, कुणाला नाही म्हणाली, कशाच्या बळावर म्हणाली, हे कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

तिची कहाणी वडिलांपासूनच सांगायला हवी. राजा हाजी हे त्यांचं नाव. १७८४ साली त्यांनी डचांच्या ताब्यातल्या मलाक्क्याला वेढा घातला आणि त्याच वेढ्यात, तलुक केतापांगच्या किनाऱ्यावर, जून महिन्यात ते मारले गेले. मुलगी तेव्हा लहानच होती. त्यांच्या मृत्यूनंतर डच रिआऊवर चालून आले, राजा हाजींच्या बुगिस लोकांना तिथून बाहेर काढलं, सुलतानाला आपलं मांडलिक करून घेतलं. तीन वर्षांनी सुलतानाने समुद्रावरच्या लढवय्या इलानून टोळ्या बोलावून डचांना हाकललं खरं, पण सूडाच्या भीतीने तो स्वतःही रिआऊ सोडून दूर दक्षिणेला लिंग्गा बेटावर गेला. म्हणजे हमीदाचं बालपण गेलं ते मोडलेल्या घरात, विखुरलेल्या आप्तांत. वडील मलाक्क्याच्या मातीत होते. त्यांच्या अस्थी पेन्येंगातला आल्या त्या कितीतरी नंतर. आज इंडोनेशिया राजा हाजींना राष्ट्रवीर मानतो, तांजुंगपिनांगच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या मुलीला वारशाने आलेली पहिली गोष्ट मात्र परक्या सैन्याची ओळख ही होती.

मराठी वाचकाला हे राज्य समजायला फार सायास पडत नाहीत. गादी मलाय सुलतानाची. कारभार, सैन्य, गलबतं मात्र बुगिस उपराजाच्या हाती. हे बुगिस मुळात सुलावेसीकडचे दर्यावर्दी. १७२२ साली त्यांनी एका मलाय राजपुत्राला गादी मिळवून दिली आणि बदल्यात ‘यांग दिपर्तुआन मुदा’ हे उपराजाचं पद आपल्या घराण्यात वंशपरंपरा मिळवलं. दोन्ही बाजूंनी शपथा घेतल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पुन्हापुन्हा घेतल्या. गादी साताऱ्याला आणि सत्ता पुण्याला, हे ज्यांनी शाळेत वाचलंय त्यांना या व्यवस्थेतला ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुण्यात पेशवा कितीही प्रबळ झाला तरी पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. तिथेही तसंच होतं. बुगिस उपराजाने काहीही केलं तरी सुलतानाशिवाय त्याला अर्थ नव्हता, आणि उपराजाशिवाय सुलतानाचा नाइलाज होता.

ऐंशी वर्षं कधी गोडीने, कधी रक्त सांडून टिकलेल्या या नात्यात पुन्हा तेढ आली तेव्हा सुलतान महमूदने बुगिस वीराच्या मुलीशी लग्न केलं. तह कागदावर होतो तसा मांडवातही होतो. हमीदा या तहाची मुलगी. तिला दिलेल्या बेटामागेही हाच हिशेब होता. रिआऊकडचा भाग हमीदाचा आणि तिच्या भावंडांचा, लिंग्गा धाकट्या राजपुत्राचा, अशी सुलतानाने वाटणी केल्याचं ‘तुहफत अल-नफीस’ या मलाय इतिहासग्रंथात येतं. हा ग्रंथ हमीदाच्याच भावाने, राजा अहमदने, सुरू केला आणि भाच्याने, राजा अली हाजीने, पुरा केला. घरच्या माणसांनी लिहिलेला आहे, म्हणून त्यात घरचा पक्षपातही असणार. पण घरातलं बोलणंही त्यातच सापडतं.

राणी म्हणून तिचं सुख कितीसं होतं कोण जाणे. तिला एक मुलगी झाली, ती तान्हेपणीच गेली. पुढे मूल झालं नाही. गादीच्या वारसदारांत ज्यांची नावं होती ते हुसेन आणि अब्दुल रहमान हे दोघे दोन सवतींचे मुलगे. त्या दोघी सवती सामान्य घरांतल्या होत्या. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाड्यात ही गोष्ट घडली असती तर निपुत्रिक मोठ्या घरच्या बाईचं पुढे काय होतं हे आपण जाणतो. तिला मान मिळतो, आणि मानाबरोबर एक कोपरा मिळतो. हमीदाच्या बाबतीत सुलतानाने वेगळं काही केलं. राज्याची राजचिन्हं त्याने तिच्या स्वाधीन केली.

मलाय राजचिन्हं म्हणजे नुसती शोभेची भांडी नव्हेत, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. त्यांत ‘चोगान’ असतो, दांड्यावर बसवलेलं, विड्याच्या पानाच्या आकाराचं, अक्षरं कोरलेलं सोन्याचं पान. ‘सिरिह बेसार’ म्हणजे राजाचं थोरलं तबक, विड्याचा सगळा सरंजाम. नौबतीची वाद्यं असतात, तिचे ढोल, तिचा कर्णा. ही चिन्हं पुढे ठेवल्याशिवाय, नौबत झडल्याशिवाय कुणी कितीही मोठ्याने स्वतःला सुलतान म्हणवलं तरी रयतेच्या लेखी तो सुलतान होत नसे. मलाय राज्य जमिनीवर कमी आणि पाण्यावर जास्त होतं. बेटं शेकडो, राजधानी आज इथे तर उद्या तिथे, सरहद्द अशी नव्हतीच. जिथे किल्ला आणि शहर हलू शकतं तिथे राज्य कुठे असतं? ते या वस्तूंमध्ये असे. त्या वस्तू ज्या पेटीत, ती पेटी ज्या घरात, ते घर हमीदाचं.

१८१२च्या जानेवारीत लिंग्गाला सुलतान महमूद वारला. नवा राजा ठरल्याशिवाय जुन्या राजाला मूठमाती देत नाहीत, असा मलाय रिवाज. थोरला मुलगा हुसेन त्या वेळी लग्नासाठी पहांगला गेलेला. समुद्रातली वाट, वारा परतीचा नाही. उपराजाच्या गादीवर तेव्हा राजा जाफर होता, हमीदाचा भाऊ. त्याने वाट पाहिली नाही. धाकट्या अब्दुल रहमानला पुढे केलं आणि अंत्यविधी उरकला.

आणि इथे हमीदा उभी राहिली. माहेर बुगिस, भाऊ उपराजा, त्याने पुढे केलेला राजपुत्र मवाळ आणि धर्मशील, भावाच्या शब्दाबाहेर न जाणारा. माहेरचा फायदा पाहायचा तर पेटी उघडून द्यायची, इतकं सोपं होतं. तिने ती दिली नाही. नवऱ्याच्या मनात गादी थोरल्याला द्यायची होती, रिवाजही थोरल्याच्याच बाजूने होता, असं तिचं म्हणणं होतं. शिवाय एवढा मोठा निर्णय तिला न विचारता घेतला गेला होता, हाही तिचा राग होता, आणि तो राग मला अतिशय न्याय्य वाटतो. राजचिन्हं तिच्याकडे ठेवली याचा अर्थच असा की गादीच्या प्रश्नात तिचं मत लागणार. ते मत न घेता राजा नेमला, तर नेमणाऱ्यांनी त्याला राजा म्हणावं. ती म्हणणार नव्हती.

हुसेन तिचा पोटचा नव्हता. सवतीचा मुलगा. त्याच्या गादीवर बसण्याने तिला काही मिळणार नव्हतं. म्हणूनच तिचा नकार मला निर्मळ वाटतो. आपल्या ताराबाईंनी स्वतःच्या मुलासाठी गादी धरली, लढाया केल्या, किल्ल्यांमागून किल्ले राखले, आणि त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो. हमीदाकडे ना मुलगा होता ना सैन्य. जाफरची छावणी तिच्याच बेटावर होती. रोज सकाळी ज्याच्या महालातला धूर दिसायचा त्याच भावाला तिने दहा वर्षं नाही म्हटलं. भांडणं दूरवरून करणं सोपं असतं. एकाच मशिदीच्या अजानवर उठणाऱ्या, एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या भावंडांनी इतका काळ अबोल वैर कसं पेललं असेल, हा विचार मनातून जात नाही.

या दहा वर्षांत अब्दुल रहमान सुलतान म्हणवला जात होता, पण त्याचा राज्याभिषेक होऊ शकला नाही. एका बाईच्या नकाराने एक राज्य दहा वर्षं बिनअभिषेकाचं राहिलं.

मग या घरगुती भांडणात परके शिरले. १८१८ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी आपला अधिकारी फार्कर याला पाठवून जाफरशी करार केला. नोव्हेंबरात डच आले आणि त्यांनी आपला करार करून रिआऊत पुन्हा ठाणं बसवलं. त्याच सुमारास इंग्रज कंपनीचा अधिकारी रॅफल्स कलकत्त्याला होता, गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जकडून पूर्वेकडे नवं ठाणं शोधण्याची परवानगी घेत. हा तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत त्याच वर्षी पेशवाई बुडाली, दुसऱ्या बाजीरावाने जूनमध्ये शरणागती पत्करली आणि साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांनी आपल्या सोयीने प्रतापसिंह महाराजांना पुन्हा बसवलं. इकडे सातारा, तिकडे सिंगापूर. कलकत्त्याच्या एकाच कचेरीतून दोन्हीकडे हुकूम जात होते, आणि पद्धतही एकच होती. जुनी गादी शोधायची, तिच्यावर आपला माणूस बसवायचा, मग त्याच्याच सहीने हवं ते घ्यायचं.

रॅफल्सला हुसेन सापडला. बाजूला पडलेला, पैशाने ओढग्रस्त, हक्काने थोरला. ६ फेब्रुवारी १८१९ रोजी सिंगापूरला तंबू ठोकून, तोफा उडवून हुसेनला जोहोरचा सुलतान जाहीर केलं आणि त्याच दिवशी त्याची सही घेऊन तिथे वखार घालण्याचा हक्क मिळवला. त्याला वर्षाला पाच हजार स्पॅनिश डॉलर, स्थानिक सरदार तमेंग्गोंग याला तीन हजार. आधुनिक सिंगापूरचा जन्मदिवस म्हणून हा दिवस ओळखला जातो. पण त्या तंबूत चोगान नव्हता, सिरिह बेसार नव्हतं, लिंग्गाची नौबत नव्हती. ते सगळं समुद्रापलीकडे पेन्येंगातवर हमीदाच्या घरी होतं.

ज्याच्यासाठी तिने सात वर्षं भावाशी वैर घेतलं, तोच हुसेन आता सुलतान झाला होता. आता तरी तिने राजचिन्हं त्याच्याकडे पाठवायची? इंग्रजांनी त्यांसाठी पन्नास हजार स्पॅनिश डॉलर देऊ केले, असं रिआऊच्या इतिहासात सांगतात. हुसेनला वर्षभरात जे मिळायचं त्याच्या दसपट. तिने नाही म्हटलं. मला वाटतं, तिचं सगळं चरित्र या एका नकारात आहे. हुसेनचा हक्क तिने मानला होता. परक्याने तंबूत बसवलेला हुसेन तिने मानला नाही. राजा आपल्या माणसांनी, आपल्या रिवाजाने व्हायला हवा. ती व्यक्तीच्या बाजूने नव्हतीच, ती रीतीच्या बाजूने होती, आणि ती रीत इंग्रजांच्या तिजोरीपुढेही तिने वाकू दिली नाही. काही अभ्यासक तिला हट्टी म्हणतात, दरबारी गटबाजीतलं एक प्यादं म्हणतात. प्याद्याला दोन्ही बाजूंनी मागणी आल्यावर ते विकलं जातं. ही विकली गेली नाही.

डचांनी बळाचा मार्ग धरला. १८२२च्या ऑक्टोबरात मलाक्क्याच्या डच अधिकाऱ्यांनी सैनिक पाठवून बेट घेरलं आणि तिच्या घरातून राजचिन्हं जबरदस्तीने नेली. अडतीस वर्षांपूर्वी ज्यांनी तिच्या बापाला मारलं, त्यांच्याच बंदुका. आता नवरा नव्हता, मुलगा नव्हता, भाऊ विरुद्ध बाजूला होता. घरात शिरलेल्या शिपायांसमोर ती काय बोलली ते कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही, आणि तिच्या तोंडी शब्द घालायची माझी हिंमत नाही. पुढच्या वर्षी, १८२३च्या नोव्हेंबरात, लिंग्गाला ती चिन्हं पुढे ठेवून अब्दुल रहमानचा अभिषेक झाला. तोफखाना असूनही डचांना ते सोन्याचं पान लागलंच. तिच्या म्हणण्याला याहून मोठी साक्ष कुठली असणार?

दुसऱ्याच वर्षी, १७ मार्च १८२४ रोजी, लंडनमध्ये इंग्रज आणि डच यांनी आपसांत तह केला. सिंगापूरच्या दक्षिणेची बेटं डचांची, सिंगापूर आणि उत्तरेचं द्वीपकल्प इंग्रजांचं. महमूद शाहचं राज्य मधोमध कापलं गेलं. ज्यांचं राज्य होतं त्यांना कुणी विचारलं नाही. त्याच ऑगस्टात हुसेनने ३३,२०० स्पॅनिश डॉलर आणि महिन्याच्या तनख्यावर सिंगापूर कायमचं लिहून दिलं. तो पुढे मलाक्क्याला जाऊन १८३५ साली वारला. आज जिथे इंडोनेशिया संपतो आणि मलेशिया, सिंगापूर सुरू होतात ती रेषा हीच. एकाच घरातली माणसं दोन सत्तांखाली गेली.

यानंतर हमीदा आणखी वीस वर्षं जगली. इतिहासाची पुस्तकं या वीस वर्षांबद्दल गप्प असतात. राजचिन्हं गेली, आता तिचं काय सांगायचं, असं त्यांना वाटत असावं. मला मात्र हीच वर्षं हवी असतात. रिकाम्या झालेल्या त्या दालनात ती कशी वावरली असेल? बेट मात्र अजून तिचंच होतं, आणि त्या बेटावर काहीतरी उगवत होतं. १८३२ साली लाकडी मशिदीच्या जागी पक्की मशीद उभी राहिली. लोकांनी बांधकामावरच्या मजुरांसाठी इतकी अंडी पाठवली की उरलेल्या अंड्यांतला पांढरा भाग चुन्यात कालवला, अशी तिथली कथा आहे. तेरा घुमट आणि चार मिनार, मिळून सतरा, दिवसभराच्या नमाजातल्या सतरा रकातींइतके. तिचा भाचा राजा अली हाजी याच बेटावर मोठा झाला, याच मशिदीच्या परिसरात शिकला, शिकवू लागला. १८४७ साली त्याने लिहिलेलं ‘गुरिंदाम दुआ बलास’ हे बोधपर काव्य आजही इंडोनेशियातल्या शाळांत शिकवतात. त्याने मलाय भाषेचं व्याकरण लिहिलं, कोश रचला. रिआऊची ती घोटीव मलाय पुढे इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेचा पाया झाली. त्याची नात राजा आयशा सुलैमान हिने स्वतः लिहिलं, एका बाईच्या दुःखाची काव्यं आणि कथा लिहिल्या. १९११ साली डचांनी शेवटच्या सुलतानाला पदच्युत केलं, घराणं पांगलं, महाल ओसाड पडले. पण तोवर त्या दोन किलोमीटरच्या बेटाने एका भाषेला उभं केलं होतं.

तिथे गेले तेव्हा ऊन रणरणत होतं. तांजुंगपिनांगच्या धक्क्यावरून ‘पोंपोंग’ नावाची लाकडी होडी पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. होडीतून प्रथम दिसते ती मशीद, हळदीच्या रंगाची, हिरव्या कडांची. बेटावर मोटारी नाहीत. रस्ते अरुंद, घरांच्या ओसरीवर बायका बसलेल्या, छोट्या गाड्यांना जोडलेल्या मोटारसायकली पाहुण्यांना फिरवतात. टेकडीवर जुन्या कोटाचे खंदक अजून दिसतात. हमीदाची कबर एका पिवळ्या-पांढऱ्या इमारतीत आहे. कबरीच्या दगडांना पिवळं वस्त्र गुंडाळलेलं, पिवळा हा तिथला राजरंग. आणि भोवतीच्या भिंतींवर संगमरवरात कोरलेलं भाच्याचं गुरिंदाम, बारा कलमांचं. आवारातच तिचा भाऊ राजा अहमद, आणि राजा अली हाजी स्वतः. तिच्या थडग्याभोवती आता तिच्या घरातली अक्षरं पहारा देतात. एक मलाय कुटुंब दुआ मागत होतं. आजीने नातीला पुढे ढकललं आणि कानात काही सांगितलं. काय ते मला कळलं नाही, पण हमीदाचं नाव ऐकू आलं.

राणी म्हटलं की आपण तिचे दागिने, तिचे राजकुमार, तिचा थाट आठवतो. मलेशियात आजही राजघराण्यांतल्या राण्या असतात, पाच पाच वर्षांनी फिरत्या पाळीने देशाची राणी बदलते, त्यांची छायाचित्रं छापून येतात. त्या छायाचित्रांत मी नकळत हमीदाला शोधते. तिचं छायाचित्र नाही. तिने लढाई जिंकली नाही, तह केला नाही, वंश चालवला नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू तिने भावाला दिली नाही, पैशाला दिली नाही. हिसकावून नेली तेव्हाच ती गेली. आग्नेय आशियाच्या त्या शतकातल्या सगळ्या राजांच्या रांगेत मी तिला पहिली जागा देईन.

दरवर्षी किती तरी मराठी कुटुंबं सिंगापूरला जातात, रॅफल्सच्या पुतळ्यापाशी उभं राहून फोटो काढतात. त्यांना एक विनंती आहे. एक दिवस काढा. तनाह मेराहच्या धक्क्यावरून दोन तासांची फेरी घेऊन तांजुंगपिनांगला जा, तिथून पोंपोंगने पेन्येंगातला. डोक्यावर ओढणी किंवा रुमाल घ्या, हमीदाच्या कबरीपाशी जा, आणि बरोबरच्या मुलींना सांगा की हे बेट हिचं होतं.